तुपाचं भांडं

"मग आकडा किती सांगू, बुवा?"

निनाद बिवलकरने हे तिसऱ्यांदा विचारलं. दाजीबुवा मठाच्या ओसरीवर बसून पत्रावळी पुसत होते.

निनाद सल्लागार. बारा वर्षं कंपन्यांना शहाणपण विकत गावोगाव हिंडला. सोमवारी बॅग उचलायची, शुक्रवारी घर गाठायचं. तो दारात दिसला की सहा वर्षांची मुलगी आधी विचारायची, "किती दिवस?" ते त्याला आता सोसवत नव्हतं. साताऱ्याजवळ पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात कायमची नोकरी चालून आली होती. उद्या सकाळी पगाराची अपेक्षा कळवायची होती.

"आत्ता मिळतो तेवढा मागितला तर ते नको म्हणतील. कमी मागितला तर..."

"तर?"

"बारा वर्षं पाण्यात गेली, असं वाटेल."

"वाटेल खरं," बुवा म्हणाले. त्यांना त्याची कीव नव्हती आली, माया आली होती.

पुढची पत्रावळ उचलत त्यांनी विचारलं, "इथं आलास की जेवायला कधी बसतोस?"

"पहिल्या पंगतीला. पाहुणा ना मी."

"आणि जाताना चार शब्द सांगूनही जातोस."

निनाद ओशाळला. मागच्या खेपेला पंगती लवकर उठाव्यात म्हणून त्याने एक आराखडा काढून दिला होता. तो चालला की नाही हे बघायला मात्र थांबला नव्हता. त्याच्या धंद्यात थांबायची रीतच नव्हती.

बुवांनी तुपाचं भांडं त्याच्या हातात दिलं. "आज वाढ."

गुरुवार होता, माणसं बरीच होती. पहिल्या पंगतीला निनादने सढळ हाताने वाढलं. "अहो, पुरे," असं लोक म्हणाले की त्याला बरं वाटे, आणि तो आणखी एक पळी ओती. दुसऱ्या पंगतीला पळी अर्धी झाली.

शेवटी घरची पंगत बसली. पहाटेपासून चुलीपुढे असलेल्या सरूबाई आणि बाकीच्या बायका, पाणी भरणारे म्हातारे गणपा आणि स्वतः बुवा.

निनादने भांडं तिरपं केलं...

काही पडलं नाही.

सरूबाईंच्या पानावर कोरडा भात तसाच होता. निनादचे कान लाल झाले.

"चुकलं माझं. बघून वाढायला हवं होतं."

"असू द्या, दादा," सरूबाई म्हणाल्या. "नव्या माणसाचं हुतंय असं. बसा आता, जेवा."

तो त्यांच्याशेजारी बसला. भातावर आमटी घेतली.

"कळलं, बुवा," तो हळूच म्हणाला. "कारखान्यात घरचा झालो की तुपाची आस सोडायची. कमीच सांगतो."

बुवांनी घास खाली ठेवला.

"सरूबाई, तूप नसलं तर चालतं का गं तुला?"

"चालंल कसं?" सरूबाई म्हणाल्या. "आमाला काय जीभ न्हाई व्हय?"

निनाद गोंधळला.

"पण बुवा... मग मागू?"

"माग की," बुवा म्हणाले. "पण भांडं हातात धरून, शेवटच्या पानाकडे बघून माग."