सभापतींच्या म्हशी

घसा बसलाय, तरी सांगायला लावता. मग निमूट ऐका.

पूर्वी पाणी कुठवर चढेल ते गाव येसू नावाड्याला विचारायचं. आता सगळे सभापतींच्या मोबाईलभोवती जमायचे, अन् येसूचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्या दिवशी सभापती चावडीत म्हणाले, "धरणातून चाळीस हजार क्युसेक सोडलंय. खालच्या आळीत पाणी शिरत नाही. घरं सोडू नका."

"शिरणार!" येसू ओरडला.

"गप रे, खुळ्या म्हाताऱ्या!"

"बरं. मग तुमच्या म्हशी आज आमच्या आळीत बांधा."

"अन् वाहून गेल्या म्हणजे?"

"म्हशी वाहतील, अन् आमची लेकरं काय तरंगतील?"

खालची आळी तिथूनच उठली, लेकरंबाळं घेऊन वरच्या अंगाला गेली. पहाटेपर्यंत तिथल्या खिडक्या बुडाल्या. एकही जीव गेला नाही म्हणून गावानं हार घातला, तोही सभापतींनाच!

पुढं गावाला उमगलं अन् एकेकानं येसूची माफी मागितली; मागायचा राहिलाय तो एकच, भालचंद्र ढमढेरे सभापती.