रुमालाखालचं दुसरं दार

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की जिच्या काठी ती घडली ती नदीसुद्धा तेव्हा थोडी अलीकडून वाहत होती.

त्या नदीकाठच्या नगरात धान्याचा एक बडा व्यापारी राहत असे. त्याचा सौदा बोटांनी चाले. समोरच्याचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवायचा. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नसे. बाजारात ही रीत सगळ्यांचीच होती, पण या व्यापाऱ्याचा हात पक्का होता. लोक म्हणत, "शेठचं तोंड मुकं, पण बोटं बोलकी."

अशा हुशार माणसाच्या हाती नगर द्यावं असं लोकांना वाटलं आणि त्यांनी त्याला कारभारी केलं. तोवर नगराचा कारभार चावडीवर चाले. तिथे वाद होत, आवाज चढत, एकेका कामाला चार चार दिवस लागत. नव्या कारभाऱ्याने एकेकाला जवळ बोलावलं, रुमाल टाकला, बोटं दाबली, आणि कामं चुटकीसरशी होऊ लागली. दुसऱ्याला काय मिळालं हे कोणालाच कळत नव्हतं, त्यामुळे जो तो आपलंच भलं झालं असं समजून खुशीत घरी जाई.

कुरकुरली ती फक्त कुंभारवाड्यातली एक म्हातारी. "शेठ, रुमालाखाली ज्वारीचा भाव ठरवा. नगराचा नका ठरवू."

"आजी, तुम्ही आपली मडकी सांभाळा," कारभारी म्हणाला. सगळी चावडी हसली.

आता या नगराची एक गोष्ट सांगायला हवी. नदी आणि नगर यांच्यामध्ये मातीचा मोठा बांध होता आणि त्याला दोन दारं होती. एक बाजाराच्या अंगाला, एक कुंभारवाड्याच्या. पूर फार चढला की एक दार उघडून पाण्याला वाट द्यावी लागे, नाहीतर बांध फुटून सगळंच नगर गेलं असतं. बाजाराचं दार उघडलं तर धान्याची कोठारं जात. कुंभारवाड्याचं उघडलं तर राहती घरं जात, कारण तो वाडा खोलगटात होता. म्हणून जुना नियम असा, की कुठलं दार उघडायचं ते आधी चावडीवर मोठ्याने सांगायचं, ढोल वाजवायचा, आणि माणसं टेकडीवर पोचली की मगच दाराला हात लावायचा.

त्या वर्षी कारभाऱ्याची कोठारं शिगोशीग भरलेली होती आणि नदीचं लक्षण काही ठीक दिसत नव्हतं. त्याने बांधाच्या राखणदाराला बोलावलं.

"पूर चढला तर मी चावडीवरून रुमाल हलवीन," तो म्हणाला. "मग उघडायचं ते हे." आणि रुमालाखाली त्याने राखणदाराची दोन बोटं दाबली.

दोन, म्हणजे दुसरं दार. राखणदाराने मान हलवली. सौदा झाला.

आठ दिवसांनी, भर दुपारी, पाणी बांधाच्या काठाला लागलं. माती झिरपू लागली. लोक चावडीवर धावले. राखणदार बांधाच्या मधोमध उभा राहून चावडीकडे बघत होता.

म्हातारी कुंभारीण पुढे आली. "शेठ, कुठलं दार उघडणार?"

"सगळं ठरलंय, आजी."

"काय ठरलंय? ढोल का वाजत नाही?"

ढोल वाजवला असता तर सांगावं लागलं असतं. सांगितलं असतं तर कुंभारवाडा आडवा आला असता. त्या वाड्यात त्या वेळी लेकरं जेवायला बसली होती. मला हे सांगतानाही राग येतो, पण खरं ते सांगितलंच पाहिजे. कारभाऱ्याने रुमाल वर धरला आणि हलवला.

राखणदार वळला आणि बाजाराच्या दाराकडे चालू लागला.

कारभाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो बाजारात राहायचा, म्हणून दारं बाजाराकडून मोजायचा. राखणदाराची झोपडी कुंभारवाड्याच्या टोकाला, तो तिकडून मोजायचा. एकाचं दुसरं ते दुसऱ्याचं पहिलं! तोंडाने बोलले असते तर एका शब्दात उलगडा झाला असता.

आणि बाजारात, कोठारांच्या मागच्या घरात, कारभाऱ्याची लेक होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेली. सकाळीच तिने विचारलं होतं, "बाबा, मी टेकडीवर जाऊ का?" आणि तो म्हणाला होता, "इथे थेंबभरही पाणी यायचं नाही. तू निजून राहा."

"अरे, ते नव्हे!" कारभारी ओरडला. "दुसरं! कुंभारवाड्याचं!"

सबंध चावडीने ते ऐकलं. राखणदार दाराच्या खिळीवर हात ठेवून थबकला.

"आमचं?" म्हातारी म्हणाली. "आणि ढोल न वाजवता?"

"माझी पोर आहे तिथे," कारभारी रडवेला होऊन म्हणाला.

"मग आमच्या पोरी काय नदीत टाकायला पोसल्यात?"

म्हातारीने कारभाऱ्याकडे पाठ फिरवली आणि कुंभारांना म्हणाली, "उभे काय राहिलात? माती वाहायची फळी घ्या आणि पळा. पोरीचा काय दोष? आधी तिला आणा." मग तिने स्वतःच ढोलावर टिपरू घातलं.

बांधाची ढेकळं सुटत होती. एकीकडून कुंभारवाडा टेकडी चढू लागला, दुसरीकडून चौघे जण फळीवर त्या लेकीला घेऊन आले. तिला वेणा सुरू झाल्या होत्या. सगळी माणसं वर पोचली, तेव्हा बांधाला हातभर भेग पडली होती.

"शेठ!" राखणदार बांधावरून ओरडला. "मला वाटलं होतं, तुम्ही स्वतःचं बुडवून नगर वाचवताय. बायकोला म्हणालो, देवमाणूस आहे. आता सांगा, कुठलं उघडू? आणि मोठ्याने सांगा. मला बोटं कळत नाहीत."

कारभाऱ्याने कोठारांकडे पाहिलं. जन्मभराची कमाई तिथे होती. मग त्याने कुंभारवाड्याच्या घरांकडे पाहिलं. चुली अजून धुमसत होत्या. त्याचा हात सवयीने रुमालाकडे गेला, आणि तसाच खाली आला.

"बाजाराचं!" तो ओरडला. आवाज फाटला, पण टेकडीवरच्या शेवटच्या माणसालाही तो ऐकू गेला.

दार उघडलं. कोठारं गेली. बांध टिकला, कुंभारवाडा टिकला आणि नगर वाचलं.

कारभारीपण त्याने दुसऱ्या दिवशी चावडीवर सगळ्यांसमक्ष सोडलं. कुणीही 'राहू द्या' म्हटलं नाही. चावडीवर पुन्हा भांडणं सुरू झाली, आणि एकेका कामाला पुन्हा चार दिवस लागू लागले.

लेकीला टेकडीवरच मुलगा झाला होता. घाईत कुणी कपडे बरोबर आणले नव्हते, बाळाच्या अंगाखाली घालायला फडकं कुठे मिळेना. म्हातारीने व्यापाऱ्याच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला आणि त्याचं बाळोतं केलं. त्या रुमालाने इतक्या वर्षांत केलेलं पहिलं उजळ काम तेच.

तात्पर्य: जे चारचौघांत मोठ्याने सांगता येत नाही, ते चारचौघांच्या नावाने ठरवू नये.