विहिरीतली अर्धी गोष्ट

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, सांगणाराही आता थकला आहे.

एका राज्यात एक लेखक राहत होता. तिथे पोथ्या विकणारं एकच दुकान होतं, वेशीजवळच्या शेठजींचं. लेखक आपली अर्धी पोथी घेऊन उन्हातान्हात त्यांच्या ओट्यावर बसून राही. शेठजी पोथी हातात तोलून म्हणत, "माहूत हरवलेला हत्ती शोधतो, एवढंच ना? अर्धीच एवढी जाडजूड! पुरी झाल्यावर उचलणार कोण?"

पुढे एका साधूने त्या राज्यातल्या विहिरींना वर दिला. कुणीही आपल्या विहिरीत लिहिलेलं पान सोडावं, ते राज्यातल्या प्रत्येक विहिरीच्या पाण्यावर दिसावं. आवडलं तर वाचणाऱ्याने मूठभर दाणे पाण्यात टाकावेत, ते लिहिणाऱ्याच्या पोहऱ्यात यावेत.

लेखकाने माहुताची अर्धी गोष्ट विहिरीत सोडली. काही दिवसांनी पोहरा वर ओढला, तर त्यात जोंधळे! पठ्ठ्या अंगणात नाचलाच. "आता कुणाच्या ओट्यावर ताटकळायला नको," तो बायकोला म्हणाला.

पण वर सगळ्यांनाच मिळाला होता. जो तो पानं सोडू लागला. इतकी, की बायकांना पानं बाजूला सारून पाणी भरावं लागे. लेखकाचा पोहरा रिकामा येऊ लागला. मग त्याने गोष्ट बाजूला ठेवली आणि पानांवर नुसत्या हाका लिहिल्या, "माझी गोष्ट वाचा! माझीच वाचा!" दिवसभर तो काठावर ओणवा असे. पाठ भरून येई, डोळे चुरचुरत.

"अहो, गोष्ट पुरी कधी करणार?" बायको विचारी.

"आधी लोक तर येऊ देत."

एके दिवशी लांबच्या डोंगरातून एक बाई चालत आली. "माहुताची गोष्ट तुमचीच ना? त्याला हत्ती सापडला का हो?"

लेखक हरखला. "तुम्ही वाचलीत?"

"सासूबाईंना वाचून दाखवायचे मी. अंथरुणाला खिळल्या होत्या. विहिरीत जोंधळेही त्यांनीच टाकायला लावले. मग रोज म्हणायच्या, बघ गं, पुढचं पान आलं का. रोज तुमची हाकच असायची."

"सांगा त्यांना, आता लवकरच पुरी करतो."

"त्या गेल्या," बाई म्हणाली. "शेवटपर्यंत हत्तीचंच विचारत होत्या. निदान मला तरी कळावं, म्हणून आले."

शेठजींनी नाकारलेली गोष्ट विहिरीने थेट डोंगरात पोहोचवली होती, आणि शेवट लेखकाने अजून ठरवलाच नव्हता.

त्याने बाईला भाकरी दिली आणि तिच्यासमोरच लिहायला बसला. हत्ती सापडला. बाईने ऐकलं, पदराने डोळे पुसले, आली तशी निघून गेली.

लेखकाने ते पान विहिरीत सोडलं. पोहरा मात्र ओढून पाहिला नाही. ज्या म्हातारीच्या हातचे दाणे हवे होते, ती आता पाठवणार नव्हती.

म्हणून लहानथोरांनो, नवे वाचक गोळा करण्याच्या नादात, जो आधीच आपली वाट पाहतो आहे त्याला ताटकळत ठेवू नये.