पणजोबांच्या घोड्याचं जीन

कुंभेरी नावाच्या गावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी होता. मिशा पिकायला आल्या होत्या, तरी सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करायचा. गावाला त्याचीच भीती वाटायची.

म्हाळू रावसाहेब निंबोऱ्यांकडे कामाला होता. रावसाहेबांचे पणजोबा मोठे लढवय्ये. घराण्याचं शौर्य त्यांच्याबरोबर संपलं, मागे चामडं तेवढं उरलं. घोड्याचं जीन, पाण्याची पखाल, जोडे आणि एक हलगी. दर दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी ते जीन घोडीवर कसायचे, आणि सगळा गाव त्याला मुजरा करायचा.

यंदा संग्रहालयाचे साहेब ते जीन पाहायला येणार होते. पसंत पडलं तर काचेच्या कपाटात जाणार होतं, घराण्याच्या नावासकट. रावसाहेबांना झोप लागेना.

"म्हाळ्या, जिनावर बुरशी आलीय, साफ कर," ते म्हणाले. "दसऱ्याला हे जीन ज्या पाठीवर बसेल, ते जनावर सगळ्यांच्या पुढे चालेल. लगाम तुझ्या हातात आणि तांबडा फेटा तुझ्या डोक्याला."

म्हाळूला जन्मात दुसरं काही नको होतं. तो फेटा हवा होता.

साफ करणं त्याला ठाऊक होतं. म्हशीला तो रोजच साफ करायचा. त्याने जीन ओढ्यात बुडवलं, म्हशीसारखं बसवलं आणि पेंढ्याने खसाखसा घासलं. वर काढलं तर पाणी धरून ते लोळागोळा झालेलं. मग तो ते घेऊन तात्या जिनगरांकडे गेला. तात्यांच्या घरात सात पिढ्या जिनं शिवत होत्या.

तात्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, चामड्याला पाणी दाखवू नये. कोरड्या फडक्याने पुसावं. आता हे दसऱ्यापर्यंत सावलीत वाळू दे."

"आता नाही चुकणार," म्हाळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेतात कापणीला माणसं होती. रावसाहेब म्हणाले, "पखाल घेऊन जा." पखाल चामड्याची. म्हाळूने तिला पाणी दाखवलं नाही. कोरड्या फडक्याने लख्ख पुसली आणि नेली. भर उन्हात माणसांनी तिचं तोंड सोडलं, तर आतून माशी निघाली.

म्हाळू पुन्हा तात्यांकडे गेला. तात्या म्हणाले, "बाबा रे, पखाल रिकामी राहिली की तडकते. ती गळ्यापर्यंत भरून ठेवायची."

"हे काल का नाही सांगितलंत?"

"काल तू जीन आणलं होतंस."

"बरं. आता नाही चुकणार."

घरी आला तर कोपऱ्यात पणजोबांचे जोडे. रिकामे. तडकतील बिचारे, असं म्हणून म्हाळूने ते गळ्यापर्यंत भरले. संध्याकाळी व्याही आले. रावसाहेबांनी ऐटीत जोड्यात पाय घातला. व्याह्यांचं धोतर भिजलं.

तात्या म्हणाले, "जोड्याला तेल द्यावं. मऊ पडेपर्यंत चोळावं. कळलं?"

"कळलं. आता नाही चुकणार."

म्हाळूने हलगी उतरवली आणि तिला पावशेर तेल पाजलं. मऊ पडेपर्यंत चोळलं. हलगीवाल्याने काडी मारली, तर कणकेच्या गोळ्यावर मारल्यासारखा आवाज आला. हलगीवाला म्हणाला, "म्हाळूदादा, हिला काय बाळंतीण समजलास?"

तात्यांनी तर हात जोडले. "सैल पडलेली हलगी विस्तवावर शेकतात. टणटण बोलायला लागली की झालं. आता माझ्याकडे येऊ नकोस."

"नाही येत. आता सगळं कळलं."

दसऱ्याची सकाळ उजाडली. साहेब ओसरीवर चहा पीत होते. म्हाळूने जीन उचललं. ते अजून ओलसर, सैल होतं. पण सैल पडलं की काय करायचं हे आता त्याला पाठ होतं, कुणाला विचारायची गरजच नव्हती.

त्याने चुलवणात लाकडं सारली आणि जीन शेकायला घेतलं. या अंगाने शेकलं, त्या अंगाने शेकलं. टिचकी मारून पाहिली. ते टणटण बोलत होतं. आक्रसून ते भाकरीच्या परातीएवढं झालं होतं, पण बोलत होतं.

म्हाळूने ते घोडीवर ठेवलं. ते घसरून पडलं. वासरावर ठेवलं. पडलं. मग गोठ्यातल्या बोकडाच्या पाठीवर ठेवलं. जणू मापाने शिवल्यासारखं बसलं.

हलगी मुकीच होती, म्हणून नुसते ताशे वाजले. सगळ्यांच्या पुढे बोकड, बोकडाच्या पाठीवर जीन, आणि लगाम धरून तांबड्या फेट्यातला म्हाळू. गावाने सवयीने मुजरा केला.

साहेबांनी चष्मा पुसला, टेप काढली, जीन मोजलं.

"पणजोबा यावर बसून लढाईला गेले?"

रावसाहेबांनी जिनाकडे पाहिलं. मग मुजरा करणाऱ्या गावाकडे पाहिलं. जीन बिघडलं म्हणावं, तर कपाट जातं.

"गेले," ते म्हणाले. "अंगाने जरा बारीक होते."

"म्हणजे तुमच्याकडे घोडी नव्हती?"

"आहे की साहेब," म्हाळू मधेच म्हणाला, "पण हे तिला होत नाही."

आता ते जीन काचेच्या कपाटात आहे, घराण्याच्या नावासकट. खाली पाटी आहे: 'निंबोरे घराण्याचे लढाईचे जीन. वाहन: बोकड.'