वखारीतला चेंडू

“थांबू का खेळू, वस्ताद? एवढंच सांगा.”

हिंदुराव वस्तादांनी पंपाचा दांडा दाबला. तालमीच्या पायरीवर बसून ते जुन्या चेंडूत हवा भरत होते.

रणधीर अतिग्रे समोर उभाच राहिला. कोल्हापूरच्या याच तालमीच्या फुटबॉल संघातून तो गोव्याला गेला, तिथून कलकत्त्याला. सोळा वर्षं आघाडीला खेळला. पहिल्या वर्षी पेठेनं हत्तीवरून साखर वाटली होती. आता क्लबनं कळवलं होतं, आणखी एक वर्ष राहा, पण बाकावर बसावं लागेल. उद्या सकाळी उत्तर द्यायचं होतं.

“एकशे बारा गोल मारले मी,” तो म्हणाला. “आता बाकावर बसून दुसऱ्याचा खेळ बघू? त्यापेक्षा मानानं उतरल्यालं बरं.”

“हं…”

“माझा कुठला गोल आठवतो तुम्हाला?”

वस्तादांनी पंप बाजूला ठेवला.

“एकबी न्हाई. भुशानं भरल्यालं तुझं तोंड तेवढं आठवतंय.”

रणधीरला ते लागलं. हत्तीवरून साखर वाटलेल्या माणसाला असलं उत्तर पचत नाही.

वस्तादांनी चेंडू त्याच्या पायाशी सरकवला. समोरच्या भिंतीवर खडूनं गोलची चौकट काढलेली होती.

“मार.”

रागाच्या भरात त्यानं असा हाणला, की चेंडू भिंतीवरून पलीकडच्या लाकडाच्या वखारीत गेला.

रणधीर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. वस्तादही बसून राहिले…

“कुणाची वाट बघतोस?”

तेव्हा कुठे त्याला आठवलं. तालमीचा नियम एकच होता, मारंल त्यानं आणायचा. क्लबात एक चेंडू बाहेर गेला की दुसरा लगेच पायाशी यायचा. सोळा वर्षांत मारलेला चेंडू शोधायला तो कधी गेलाच नव्हता.

तो भिंतीवर चढला. उतरताना गुडघा खरचटला.

वखारीत ओल्या लाकडाचा तोच वास होता. लहानपणी चेंडू तिसऱ्या थप्पीमागं हमखास अडकायचा. आजही तिथंच होता. पालथं पडून, हात खांद्यापर्यंत घालून त्यानं तो ओढून काढला आणि तसाच जरा वेळ पडून राहिला. फार बरं वाटलं त्याला. इतकं बरं कुठल्या मिरवणुकीत वाटलं नव्हतं.

परत आला तेव्हा केसांत, भुवयांत भुसा होता. त्यानं चेंडू पुन्हा त्याच जागेवर ठेवला, चार पावलं मागं गेला, आणि मग आठवलं.

“वस्ताद… थांबायचं का खेळायचं, ते सांगायचं राहिलंच की.”

वस्तादांनी त्याच्या तोंडाकडं एकवार बघून घेतलं. मग भिंतीकडं.

“आता जरा खालनं मार.”