उसवायला घटकाभर

जहागीरदार हैबतरावांना नव्या अंगरख्याच्या जरीच्या बाह्या आवडल्या नाहीत. भर दरबारात त्यांनी म्हाळू शिंप्याला त्या उसवायला लावल्या. म्हाताऱ्यानं बारीक कात्रीनं टाके कापून घटकाभरात बाह्या मोकळ्या केल्या.

"आता संध्याकाळपर्यंत नव्या शिवून आण," जहागीरदार म्हणाले.

"सरकार, आठ दिवस लागतील."

"उसवायला घटकाभर अन् शिवायला आठ दिवस? कामचुकार कुठला!"

सगळे हसले. म्हाळूनं हात जोडले. "सरकार, हत्तीच्या वाटेत येतं म्हणून परवा तुमच्या माणसांनी माझं घर घटकाभरात पाडलं. ते संध्याकाळपर्यंत उभं राहिलं, तर अंगरखाही तयार असेल."

जहागीरदारांनी खालमानेनं आठ दिवस दिले. घराबद्दल मात्र ते काहीच बोलले नाहीत.

म्हाळू पडक्या भिंतीशी येऊन बसला. डोळ्यांतल्या पाण्यामुळे त्याला सुईत दोरा ओवता येईना.