धाकोजीची वाट

एकदा एका वृद्ध तांडेलाने आपल्या शिष्याला प्रथमच एकट्याने होडी नेऊ दिली. किनारा आणि समोरचे बेट यांच्यामधली ती अरुंद सामुद्रधुनी. लोक तिला ‘धाकोजीची वाट’ म्हणत. किनाऱ्याच्या बाजूला एक घातकी खडक होता, म्हणून सगळे बेटाच्या अंगाने जात. शिष्य हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होते. भरतीची वाट न पाहता त्याने भर ओहोटीत होडी घातली. बेटाजवळ, कोणालाच ठाऊक नसलेल्या एका खडकावर ती आदळली आणि फळी तडकली. कशीबशी ती धक्क्याला लागली.

“काय झालं रे?” खलाशांनी विचारले.

“वारा एकदम फिरला,” शिष्याने ठोकून दिले. खरे सांगितले तर पुन्हा सुकाणू हाती कोण देणार, ही त्याला धास्ती. दुसऱ्या दिवशी बेटावर जत्रा होती. बायकापोरांनी भरलेल्या होड्या त्याच वाटेने जायच्या होत्या.

तांडेल धक्क्यावरच उभा होता. वारा फिरलेला नाही, हे त्याला कळले होते. तो दुसऱ्या होडीतून शिष्याला सामुद्रधुनीत घेऊन गेला, शीड उतरवले, मुंडासे काढले आणि पाण्यापुढे मान लववली.

शिष्य चकित झाला. “बाबा, हा धाकोजी तुमच्याहूनही मोठा दर्यावर्दी होता का?”

“त्याची होडी इथंच फुटली. सख्खा भाऊ गेला. गाव म्हणालं, दर्याच खवळला असेल, तुझा काय दोष? तो म्हणाला, दर्या शांत होता, घाई माझी होती. किनाऱ्याकडच्या त्या खडकाची जागा त्यानं सगळ्यांना दाखवली. वर म्हणाला, या वाटेला माझंच नाव द्या. कोणी विचारलं, कोण हा धाकोजी, तर माझी चूक सांगा.” वृद्धाने मुंडासे पुन्हा डोक्याला गुंडाळले. “केवढं काळीज त्या माणसाचं! त्याच्यामुळं आजवर किती घरं वाचली.”

शिष्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “बाबा, होडी वळवा.”

धक्क्यावर त्याने सर्वांसमोर सांगितले, “वारा फिरला नव्हता. मी ओहोटीत गेलो. बेटाकडंही एक खडक आहे.”

कोणी हसले नाही. सगळे जवळ सरकले. “कुठं? नीट सांग.”

सकाळी जत्रेच्या होड्या भरू लागल्या. तांडेलाने आपल्या लहानग्या नातीला उचलले आणि शिष्य सुकाणूवर होता त्या होडीत बसवले.